आजोबांची दुनळी की इटालियन बंदूक? क्ले शूटिंगवाल्या मित्रासाठी

तुमचा प्रश्न वाचला. सोलापुरात विजापूर रोडला राहता, वय २४, आजोबांची बाराबोर दुनळी गावाकडे मंगळवेढ्याला आहे, पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं मेडल बघून डोक्यात शूटिंग शिरलं आणि आता क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या, फोडायचेत, तर तीच दुनळी वापरू का बेरेटा-पेराझीसारख्या इटालियन बंदुकीसाठी पैसे साठवू आणि नळी ३० इंची की ३२. पहिलं म्हणजे स्वप्नीलचा खेळ रायफलचा, ५० मीटर थ्री पोझिशनचा, तिथं लक्ष्य जाग्यावर असतं आणि माणसानं श्वास रोखायचा असतो. आपल्यात चकती उडून जात असते आणि माणूस हलला नाही तर संपलं. सांगायचं कारण एवढंच की रायफलवाल्या मित्राचा बंदुकीबाबतचा सल्ला इथं निम्मा उलटा पडतो.

मी युनिफॉर्मच्या धंद्यातला माणूस, कटिंग मास्तर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळं मला सगळं मापातच दिसतं. शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक, ही मापाची शिलाई आहे हो, रेडिमेड घेतली की बगलेत ओढणारच. शॉटगनला मागचा साईट नसतो, पुढं नुसता एक मणी, मागचा साईट म्हणजे तुमचा डोळा. आणि डोळा कुठं येतो ते ठरवतो तुमचा गाल दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडावर, कुठं टेकतो ते. डोळ्यापासून मण्यापर्यंत साधारण एक मीटर धरा, गाल ३ मिलिमीटर जास्त दबला की ३५ मीटरवर छर्रे दहा-अकरा सेंटीमीटर खाली जातात. चकती किती मोठी? ११ सेंटीमीटर. म्हणजे तीन मिलिमीटरमध्ये अख्खी चकती गेली. कापडात मी तीन मिलिमीटरला शिवणीची चूक म्हणत नाही, इथं म्हणावं लागतं.

आणि गंमत बघा, हे कळणाऱ्या माणसानंच माती खाल्ली. परगावच्या एकाकडून मी सेकंडहँड इटालियन ट्रॅप गन घेतली (ट्रॅप हा क्लेचा एक प्रकार, पुढं सांगतो), ३२ इंची नळ्या, नाव मोठं, पॉलिश असं की तोंड दिसावं. मी पाच फूट चार इंच. दस्ता ३७५ मिलिमीटरचा, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंत, उंच माणसासाठी काढलेला. बंदूक खांद्याला लावताना जॅकेटात अडकायची, दस्त्याचं टोक दंडावर यायचं, दोन राउंडमध्ये दंड निळा. राउंडच्या पंचवीस चकत्यांत अकरा, बारा, कधी नऊ फुटायच्या. मी दोन वर्षं स्वतःच्या नेमाला शिव्या घातल्या. शेवटी एका म्हाताऱ्या कोचनं बघितलं आणि म्हणाला, तुम्ही दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला आलाय. दस्ता अठरा मिलिमीटर कापला, आणि गाल टेकायची कड, त्याला कोंब म्हणतात, ती माझ्यासाठी खाली पडत होती म्हणून दुकानातल्या चिंध्यांचे थर टेपनं चिकटवून वर आणली. दिसायला एकदम भिकारडी बंदूक. पण स्कोअर वीसच्या आसपास यायला लागला.

घरबसल्या माप असं बघा, आणि लायसनधारी माणसासमोर, रिकामी आहे हे दोनदा बघून: डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. अंगठ्याच्या मुळाशी आणि नाकाच्या मध्ये दोन बोटं जागा असली तर लांबी ठीक. पट्टी म्हणजे रिब सपाट रस्त्यासारखी दिसली आणि मणी मधोमध, तर उंचीही जवळपास आहे. मणी दिसलाच नाही तर कोंब खाली आहे, पट्टीचा नुसता डोंगर दिसला तर वर. त्याआधी डोळा तपासा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्यानं बोट जाग्यावर राहतं तो तुमचा मालक डोळा. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मालक असं खूप जणांचं असतं आणि त्यांना कळतच नाही बंदूक का चुकते ते.

आता क्लेचे दोन प्रकार, ट्रॅप की स्कीट, हे ठरल्याशिवाय नळीवर बोलण्यात अर्थ नाही. ट्रॅपमध्ये चकती फेकणारं मशीन समोर १५ मीटरवर खंदकात असतं, चकती वर चढत लांब पळते, बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहायचं, दोन काडतुसं मिळतात. तिथं ३० ते ३२ इंच नळी, घट्ट चोक (नळीच्या तोंडाचा आकस), म्हणजे हाफच्या पुढं फुलपर्यंत, आणि कोंब उंच, कारण चकती चढती असते म्हणून बंदूक थोडी वरच मारावी लागते. स्कीटमध्ये आठ स्टेशनं, चकती वीसेक मीटरवर आडवी सपकन जाते, चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशी, आणि बोलावल्यावर ती लगेच येईल का तीन सेकंदांनी ते मशीनच्या मर्जीवर. तिथं २८-३० इंच, मोकळा चोक. वजन दोन्हीकडं साडेतीन किलोच्या पुढचंच बरं, हलकी बंदूक दुकानात हातात गोड वाटते आणि चौथ्या राउंडला खांदा मोडते. काडतूस २४ ग्रॅमचं, जास्त नियमात बसत नाही. ऑटोलोडर, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, धक्का कमी देते, नियमात चालते, पंप ॲक्शन, म्हणजे पुढचा भाग हातानं मागं-पुढं ओढून भरायची, चालत नाही. मी तरी वर-खाली दोन नळ्यांचीच सांगेन, मधून दुमडून हातावर टाकली की रिकामी आहे हे शेजाऱ्यालाही लांबून दिसतं.

आता आजोबांच्या दुनळीकडं. शेजारी-शेजारी दोन नळ्या, वजन बहुतेक तीन किलोच्या आसपास, नळ्या डोळ्यासमोर रुंद येतात म्हणून चकती झाकते. खेळण्यात गंमत आहे, स्पर्धेत नाही. पण खरी भीती वेगळी. बऱ्याच जुन्या बंदुकांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं बहुतांश ७० ची. गमतीचा धोका असा की ७० चं काडतूस ६५ मध्ये आरामात बसतं, कारण बारच्या आधी तोंड दुमडलेलं असतं, बार झाल्यावर ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. नळ्या काढल्या की खालच्या सपाट भागावर आकडा छापलेला असतो, आजोबांनाच काढायला सांगा, लायसन त्यांचं आहे. नळ्यांवर वेलबुट्टीसारखी नागमोडी रेघ असली तर ती डमास्कस, म्हणजे पट्ट्या वेटाळून घडवलेली जुनी कमजोर नळी, तिला तर भिंतीवरच ठेवा. आजोबा सत्तरी पार असतील तर वारसाच्या नावावर करायची सोय आर्म्स रूल्स २०१६ मध्ये आहे. तुम्ही शहरात आहात म्हणजे तुमचं लायसन पोलीस आयुक्तालयातून, गावाकडचं असतं तर कलेक्टर कचेरीतून. तुम्ही २१ पूर्ण आहात, म्हणजे वयाची अडचण नाही.

आणि हो, शेतात चकत्या उडवून बार काढायचं लिहिलंत ते डोक्यातून काढा. बारीक छर्रेसुद्धा दोनशे मीटरपर्यंत जातात, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या जिल्ह्यात माळावर बंदुकीचा आवाज आला की विचारायला कोण येतं ते वेगळं सांगत नाही.

नवी परदेशी बंदूक सामान्य लायसनवर मागवता येत नाही, ती सोय स्कोअर केलेल्या नेमबाजांसाठी आहे. त्यामुळं सुरुवातीला आपल्या हातात येते ती देशातलीच जुनी. घेताना पुढचा लाकडी भाग काढून नळ्या बॉडीत डुलतात का बघा, डुलली तर सोडा. नळ्या सुट्या करून एका बोटावर लटकवा आणि नखानं टिचकी मारा, खणखणीत नाद आला तर रिब पक्की, भद्द वाजली तर जोडाचे डाग सुटलेत. नळीतून उजेडाकडं बघताना अंगठीसारखी सावली दिसली तर ती फुगलेली आहे. पेराझीची एमएक्स-८ म्हणजे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळची घडण, चाप सुटा निघतो, दुरुस्तीला सोपी, सगळं खरं. पण माप तुमचं नाही बसलं तर तिचाही उपयोग माझ्या इटालियन बाईएवढाच.

म्हणून माझं ऐकाल तर पैसे आत्ता बंदुकीत घालू नका, काडतुसात घाला. ट्रॅपच्या एका राउंडला पंचवीस चकत्या, दोन्ही बार धरले तर पन्नास काडतुसं, दिवसाला चार राउंड म्हणजे किती ते तुम्हीच करा. दिल्लीला तुघलकाबादला डॉ. करणी सिंग रेंज आहे, भोपाळला आहे, जयपूरला जगतपुरात आहे, कुठंही रेंजच्या किंवा कोचच्या बंदुकीनं पाचशे चकत्यांवर बार काढा, उंची बदलता येणारा कोंब असलेली मागून घ्या आणि नोंद ठेवा कोणत्या मापाला फुटल्या. जिल्हा असोसिएशनची मेंबरशिप आत्ताच घ्या, पुढं नॅशनलला जायचं तर आधी मावळणकर स्पर्धेतून जावं लागतं, ते नाव आपल्या दादासाहेब मावळणकरांचं, नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष तेच. थंडीतच जा, हुरडा चुकला तरी चालेल, मे महिन्यात नळी हाताला चटका देते.

आजोबांकडून चेंबरचा आकडा आणि दस्त्याची लांबी तेवढी विचारून घ्या, स्वतःची उंची आणि मालक डोळा कोणता तेही लिहा, मग बोलू.