गाण्याची लांबी चुकीची का दिसते?

प्रश्न : संगणकावरच्या प्लेअरमध्ये साडेचार मिनिटांचं एमपी३ गाणं साडेतेरा मिनिटांचं दिसतं. पट्टी मध्यावर सरकवली की गाणंच संपतं. काही फायली तर वाजतच नाहीत. फायली खराब झाल्यात का?

उत्तर : पहिल्या प्रकारातल्या बहुधा नाहीत. त्या बदलत्या बिटरेटच्या (व्हीबीआर) असाव्यात; बिटरेट म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी वापरलेला डेटा. अशा फायलीच्या सुरुवातीला एकूण फ्रेम्सची (आवाजाच्या छोट्या तुकड्यांची) नोंद असते, तिला झिंग हेडर म्हणतात. ते गळालं की काही प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिटरेट सगळ्या गाण्याचा धरून त्याने फायलीच्या आकाराला भागतात आणि लांबी काढतात. सुरुवात शांत असेल तर ती फ्रेम ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट), बाकी गाण्याची सरासरी मात्र १९२. म्हणजे लांबी थेट तिप्पट!

आधी प्रत काढून ठेवा. फूबार२००० या प्लेअरमध्ये गाण्यावर राइट क्लिक करून 'युटिलिटीज'मधून 'फिक्स व्हीबीआर एमपी३ हेडर' निवडा. एफएफएमपेग हे फायली रूपांतरित करणारं साधन वापरत असाल तर कोडेक (आवाज साठवण्याची पद्धत) 'कॉपी' ठेवून नव्या नावाने फाईल लिहा. दोन्हींत आवाज पुन्हा एन्कोड (नव्याने संकुचित) होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो. एमपी३ची पुन्हा एमपी३ करणारे कन्व्हर्टर कृपया टाळा. नंतर प्लेअरची लायब्ररी (गाण्यांची यादी) रीस्कॅन करा, नाहीतर जुनीच लांबी दिसत राहील.

न वाजणाऱ्या फायलींचा आकार बघा. शून्य बाइट असेल तर पुन्हा उतरवण्यावाचून इलाज नाही. आकार ठीक असेल तर फायलीची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये उघडा. नाव एमपी३ आणि आत एएसी हा वेगळाच ऑडिओ प्रकार, असं सर्रास आढळतं. तिथे एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा भाग) बदलून एम४ए केलं की बहुतेकदा भागतं.