एवढं फिरवतो, तरी मुलं किरकिरतात!

मी आईवडिलांचं आणि मुलांचं समुपदेशन करते. मे महिन्याची सुट्टी लागली की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा येते. माणसं खरं तर दुसऱ्याच कामासाठी आलेली असतात. कुणाला मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायचं असतं, कुणाचं नवरा-बायकोचं पटत नसतं. पण बोलता बोलता विषय निघतोच. "मॅडम, रविवारी बाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बागेत न्या, संग्रहालयात न्या, अर्ध्या तासात किरकिर सुरू. धाकटा 'उचलून घे' म्हणून भर रस्त्यात बसकण मारतो. मोठी 'घरी कधी जायचं' विचारत राहते. आणि येताना गाडीत आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसतो." मग आवाज खाली येतो. "इतरांची मुलं कशी मजेत असतात. आमचंच काही चुकतंय का?"

हा प्रश्न इतक्या आईवडिलांनी विचारला आहे की आता त्याचं उत्तर लिहूनच ठेवावं असं वाटलं. त्यासाठी एका कुटुंबाची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

नेहा आणि अमोल ठाण्यात राहतात, दोघंही नोकरी करतात. सई आठ वर्षांची आणि अर्णव अडीच वर्षांचा. आले होते ते अमोलच्या चिडचिडीसाठी. ताजा भडका उडाला होता राणीच्या बागेत.

अमोलने त्या दिवसाची चोख आखणी केली होती. आधी भाऊ दाजी लाड संग्रहालय, मग पेंग्विन, वाघ, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, बाहेर जेवण, आणि वेळ उरला तर जहांगीर आर्ट गॅलरी. मोबाइलमध्ये यादी होती. प्रत्यक्षात सई संग्रहालयात मातीच्या बाहुल्यांच्या कपाटापाशी अडकली. जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या त्या छोट्या मूर्ती पाहताना तिचं नाक काचेला टेकलं होतं. बाहेर अर्णव दगडी हत्तीभोवती फेऱ्या मारत होता. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो फुटला, आणि १९१४ साली तुकडे जोडून या बागेत उभा केला. अर्णवला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हत्तीच्या मागे जायचं, पुढून निघायचं आणि आई दिसते का बघायचं, एवढंच त्याचं चाललं होतं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, पेंग्विनची रांग वाढत होती," अमोल म्हणाला. "मी दोघांना ओढून काढलं. तिथून जे रडणं सुरू झालं ते ठाण्यापर्यंत."

"त्या दिवशी तुम्ही बसलात कुठे?"

"बसलो?" त्याला प्रश्नच कळला नाही. "बसायला वेळ कुठे होता?"

हा प्रश्न मी जवळपास प्रत्येक कुटुंबाला विचारते आणि उत्तर बहुतेक हेच असतं. विचारण्यामागे कारण आहे. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या बालमनाच्या अभ्यासकांनी आई-मुलाच्या नात्याबद्दल जे मांडलं त्यावर माझी सगळी कामाची बैठक उभी आहे. मूल धीट होतं ते परत येण्यासाठी हक्काचं माणूस जागेवर आहे याची खात्री असते तेव्हा, असा त्याचा गाभा. अँडरसन नावाच्या एका संशोधकाने लंडनच्या बागांमध्ये बाकावर बसलेल्या आया आणि त्यांची सव्वा ते अडीच वर्षांची मुलं नुसती दुरून पाहिली. १९७२ साली ते काम छापून आलं. मुलं आईपासून दूर जात, थांबत, काहीतरी न्याहाळत आणि आपणहून परत येत. कुणी हाक मारायची गरज पडत नसे. आईपासून साधारण २०० फुटांच्या पलीकडे क्वचितच कुणी गेलं. पण आई उठून चालू लागली की सगळं बिघडे. एवढ्या लहान मुलाला चालत्या माणसामागे नीट चालता येत नाही. मग ते जागीच थांबतं आणि हात वर करतं.

आपल्याकडे त्याला हट्ट म्हणतात. भर बागेत बसकण मारणारं अडीच वर्षांचं मूल बहुतेक वेळा हट्ट करत नसतं. आपला आधार चालायला लागला आहे आणि आपण मागे पडतो आहोत, एवढंच त्याला कळत असतं. त्यावर उपायही त्याने शोधलेला असतो: कडेवर बसणं.

हे मी अमोलला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पण त्याला ते पटलं नाही. "म्हणजे एवढ्या लांब जाऊन नुसतं बसून राहायचं? ते तर आमचे बाबा करायचे."

इथे मी थांबले. अशी वाक्यं जाता जाता पडतात आणि ती सोडायची नसतात, हे इतक्या वर्षांच्या कामाने मला शिकवलं आहे.

"बाबांचं सांगा ना."

"सांगण्यासारखं काय आहे? लालबागला राहायचो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. मे महिन्यात त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मला आणि ताईला राणीच्या बागेत न्यायचे, चालत. आणि पोहोचले की झाडाखाली पेपर अंथरून सरळ झोपायचे. कधी हात धरून एक वाघ दाखवला नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, मी माझ्या मुलांना असं वाऱ्यावर सोडणार नाही."

"ते झोपलेले असताना तुम्ही दोघं काय करायचात?"

"काय करणार... खेळायचो." आधी तो तुटकच बोलत होता, मग बोलतच राहिला. शेंगा आणि बिया गोळा करायच्या. कोण लांबच्या झाडाला आधी हात लावतो ते बघायचं. माळ्याकाकांच्या पाइपाखाली पाय भिजवायचे. ताईने एकदा मोराचं पीस शोधून काढलं होतं. "आणि मधून मधून बाबांकडे येऊन त्यांच्या तळपायाला बोट लावायचं. ते डोळे न उघडता 'कोण रे?' म्हणायचे, की आम्ही हसत पळत सुटायचो."

"दर वेळी म्हणायचे?"

"दर वेळी."

"झोपलेला माणूस दर वेळी?"

अमोल काही बोलला नाही. नेहा त्याच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मॅडम, ते जागे असायचे."

मग तो रडला. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी गेले होते, आणि 'बाबांनी आमच्यासाठी काही केलं नाही' हा सल घेऊनच त्याने त्यांना निरोप दिला होता. आठवडाभर गाडीत उभा राहून तिकिटं फाडणारा माणूस सुट्टीच्या दिवशी घरी झोपू शकला असता. तो दोन मुलांना घेऊन चालत बागेत यायचा, आडवा व्हायचा आणि कान उघडे ठेवायचा. नेहा म्हणाली, "हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. राणीच्या बागेतलं सगळं वाईटच होतं असं मला वाटायचं."

त्या दिवशी आम्ही बाकी काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. अमोलला वाटत होतं की लहानपणी जे मिळालं नाही ते तो मुलांना देतो आहे. खरं तर त्याला लहानपणी भरपूर मिळालं होतं आणि तेच नेमकं तो यादीच्या नादात मुलांपासून काढून घेत होता. चिडचिडीचं मूळ इथे होतं. मुलं खूश झाली नाहीत की त्याला वाटायचं, मी बाबांसारखाच ठरलो. एवढं ओझं घेऊन बागेत जाणारा माणूस चिडणार नाही तर काय करेल? पालकांच्या रागाच्या तळाशी जाऊन पाहिलं तर तिथे अनेकदा त्यांचं स्वतःचं बालपण बसलेलं असतं. हे ओळखता येणं हाच माझ्या कामाचा मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग आहे.

पुढच्या रविवारी ते लांब गेले नाहीत. ठाण्यातच, उपवन तलावावर सकाळी लवकर. सतरंजी, पाणी, डब्यात धिरडी. मी एकच गोष्ट सांगितली होती: तुमच्यापैकी एकाने सतरंजीवरून हलायचं नाही. अमोल बसला, नेहा पाण्याच्या बाजूला उभी राहिली. सुरुवातीला अमोलला बसवेना, सारखे हात शिवशिवत होते. अर्णव आधी सतरंजीच्या काठावरच घुटमळला. मग चार पावलं जाऊन आला. मग दहा. एक वाळकं पान आणून बाबाच्या हातावर ठेवलं आणि गेला. मग खडा, मग कुणीतरी टाकलेलं बाटलीचं झाकण. घरी निघेपर्यंत अमोलच्या मांडीवर त्या चिजांचा ढीग झाला होता. आणि 'उचलून घे' एकदाही आलं नाही.

सईचं उत्तर वेगळं निघालं. आठ वर्षांच्या मुलीला तळपायाला बोट लावून यायची गरज उरलेली नसते, तिला आपल्या आवडीला मान हवा असतो. ती म्हणाली, "त्या बाहुल्या परत बघायला जायचं का? फक्त त्याच." नेहा तिला एकटीलाच घेऊन गेली. बाकी काही पाहिलं नाही. सई वही घेऊन एका मूर्तीच्या पागोट्याच्या घड्या काढत बसली आणि नेहा शेजारी उभी राहून बघत होती. परत येताना लोकलमध्ये सईच बोलत होती.

आता तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांना हे सगळं ओळखीचं वाटतं आहे त्यांच्यासाठी.

एका दिवशी एकच ठिकाण घ्या आणि त्या ठिकाणीही सगळं पाहायचा अट्टहास सोडा. संग्रहालयात मोठी माणसंसुद्धा लवकर दमतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्याबद्दल लिहून ठेवलं आहे. वाकून, मान वळवून, उभ्याने बघण्यात अंग मोडून जातं. मग मुलाने दोन दालनांनंतर 'कंटाळा आला' म्हटलं तर तो उद्धटपणा कसा? बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. चित्रांच्या प्रदर्शनात मुलाला एक फेरी भरभर मारू द्या, त्यातलं एक चित्र निवडू द्या आणि मग त्या एकाच चित्रासमोर खाली बसा. जहांगीरसारख्या ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि चित्रकार पुष्कळदा स्वतः तिथे बसलेले असतात. 'हे असं का काढलं?' हे मुलालाच विचारू द्या. चित्रकार अशा प्रश्नाने सुखावतात, मी पाहिलं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तूंपाशी मुलं जास्त रमतात, कारण तिथे आजी सोबत असेल तर तिला सांगायला खूप काही असतं. दिनकर केळकरांनी हा सगळा संग्रह आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केला, हेही मोठ्या मुलांना जरूर सांगा.

बागेत गेलात तर आधी बसायची जागा शोधा, जिथून खेळाची जागा दिसेल आणि मुलाला तुम्ही दिसाल. गर्दीच्या दिवशी, पाण्याजवळ किंवा रस्त्याला लागून असलेल्या बागेत अर्थातच जवळ राहायला हवं, तिथे बसून भागत नाही. पण कुंपण असलेल्या, ओळखीच्या बागेत 'हळू', 'पडशील', 'त्या मुलाशी खेळ', 'इकडे बघ, फोटो' हा घोषा बंद करून पाहा. मूल परत आलं की त्याने आणलेलं बघा, एवढंच करा. 'मजा आली ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला मुलाला 'हो' म्हणावंच लागतं, आणि ते तुमच्यासाठी असतं. आणि मूल पुरतं दमायच्या आधी निघा, अजून खेळायचं मन असताना. पुढच्या वेळी ते आपणहून चला म्हणेल.

अमोलने शेवटच्या भेटीत एक प्रामाणिक प्रश्न विचारला होता: "बसल्या बसल्या मोबाइल बघितला तर चालेल का?" मी म्हटलं, तुमचे बाबा डोळे मिटून पडायचे, पण तळपायाला बोट लागायच्या आत त्यांना कळायचं. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाला तीन वेळा हलवावं लागतं. पेपर वाचा, विणकाम करा, बायकोशी गप्पा मारा. मूल आलेलं कळलं पाहिजे. त्याने मान डोलावली आणि नेहाकडे बघून म्हणाला, "गप्पा जमतील."

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. ओळखीच्या बागेत, निवांत बसूनही, बऱ्याच खेपांनंतर तुमचं मूल अंगाला चिकटूनच राहत असेल, किंवा उलट, मागे वळूनही न बघता कुणाही अनोळखी माणसामागे निघून जात असेल, तर ते सहलीच्या आखणीने सुटणारं नाही. त्याला रागवू नका, इतर मुलांशी तुलना करू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मग आमच्यासारख्या कुणाकडे मुलाला घेऊन या. घाबरून जाऊ नका, पण पुढच्या सुट्टीपर्यंत थांबूही नका.