ते चर्च, पण दी किर्ह्यं

तुझा प्रश्न वाचला. नर्सिंग झालंय, जर्मन भाषेच्या बी-१ पातळीचा क्लास चालू आहे, पुढच्या वर्षी इकडे जर्मनीत उल्मला यायचं ठरतंय, आणि देअर-दी-दास (नामाआधी येणारे शब्द: पुल्लिंगी देअर, स्त्रीलिंगी दी, नपुंसकलिंगी दास) काही केल्या डोक्यात बसत नाही. परवाच्या धड्यात चर्चसाठीचा शब्द आला. तू ‘दास किर्ह्यं’ लिहिलंस आणि बाईंनी लाल रेघ मारली. तू विचारतेस, चर्च ही निर्जीव वस्तू, मराठीत आपण ‘ते चर्च’ म्हणतो, मग ‘दास’ का नाही? आणि चुकलं तर कामावर असा काय फरक पडतो? तू मला ताई म्हणालीस म्हणून एकेरीच लिहिते. मी सहा वर्षं इथे वॉर्डात काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: फरक पडतो, आणि आपल्या कामात जरा जास्तच पडतो.

पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. आमच्या दवाखान्यात तळमजल्यावर प्रार्थनेची छोटी जागा आहे, तिला ‘दी कापेलं’ म्हणतात. एक आजी रोज दुपारी व्हीलचेअरवरून तिथे जाऊन बसायच्या. त्या दिवशी मीच त्यांना सोडून आले आणि ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगितलं, ‘इन दी कापेलं’. तिला वाटलं, आजींना अजून न्यायचंय. ती खोलीत गेली तर पलंग रिकामा, व्हीलचेअर नाही. दहा-बारा मिनिटं दोन मजल्यांवर शोधाशोध झाली. मला म्हणायचं होतं ‘इन देअर कापेलं’, म्हणजे आजी तिथेच बसल्या आहेत. आजी सुखरूप होत्या, कोणी मला रागावलं नाही, पण ती दहा मिनिटं मी विसरलेले नाही.

यामागचं कारण मराठीत दडलंय. आपण म्हणतो ‘मी देवळात चाललेय’ आणि ‘मी देवळात बसलेय’. दोन्हीकडे ‘देवळात’, फरक फक्त क्रियापद सांगतं. जर्मनमध्ये तो फरक त्या छोट्या शब्दातच असतो. जायचं असेल तर ‘इन दी किर्ह्यं’, आत असाल तर ‘इन देअर किर्ह्यं’. हा ‘देअर’ बघून घाबरू नकोस, शब्द पुल्लिंगी झालेला नाही. देऊळचं ‘देवळा-’ होतं तसं आपलं नामच बदलतं, त्यांच्याकडे नाम बहुतेक वेळा तसंच राहतं आणि पुढचा शब्द बदलतो. विभक्ती आपल्याला नवी नाही, तिची जागा तेवढी नवी आहे.

आता ‘दास’ का नाही ते. माझ्या मते मराठी माणसाची चूक नेमकी इथे होते, आणि क्लासमध्ये हे कोणी सांगत नाही. किर्ह्यंच्या शेवटी जो स्वर आहे तो ‘ए’ नाही. तो ‘झालं’, ‘केलं’मधल्या शेवटच्या ‘लं’सारखा सैल ‘अ’ आहे, म्हणून मी तो असा अनुस्वार देऊन लिहिते. आणि असा शेवट ऐकला की आपला कान लगेच ‘ते’ म्हणतो: ते केळं, ते रताळं, ते तळं. जर्मन कानाला नेमकं उलट वाटतं. अशा शेवटाची त्यांची बहुतेक नामं स्त्रीलिंगी असतात. (अपवाद आहेत. नाव म्हणजे ‘देअर नामं’, चीज म्हणजे ‘देअर केझं’. ते भेटतील तेव्हा बघू.) म्हणून दी किर्ह्यं, दी कापेलं, दी काटेड्रालं (बिशपचं मुख्य चर्च), दी झ्युनागोगं (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ). मशिदीला ‘दी मोशे’, तिचा शेवट वेगळा आहे पण लिंग आपल्या मशिदीसारखंच. हा एक गट एकत्रच पाठ कर.

दुसऱ्या बाजूला ‘दास म्युन्स्टर’ (मोठं चर्च) आणि ‘दास क्लोस्टर’ (मठ), दोन्ही ‘स्टर’वर संपणारे. आणि ‘देअर डोम’ (हेही मोठं चर्चच), ‘देअर टेम्पल’. आपलं देऊळ ‘ते’, त्यांचा टेम्पल ‘देअर’. उत्तरेला हाम शहराजवळ श्रीलंकेतल्या तमिळ लोकांनी बांधलेलं कामाक्षी अम्मनचं मोठं गोपुराचं मंदिर आहे, २००२ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याबद्दल बोलतानाही ‘देअर टेम्पल’च.

अर्थावरून किंवा उगमावरून लिंग शोधायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. डोम हा लॅटिन ‘डोमुस’वरून आला, म्हणजे घर. लॅटिनमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी आहे, जर्मनमध्ये पुल्लिंगी झाला. म्युन्स्टर लॅटिन ‘मोनास्टेरियुम’वरून, म्हणजे मठ, पण तू ज्या उल्मला येणार आहेस तिथलं म्युन्स्टर कधीच मठ नव्हतं. ते गावातल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने बांधायला घेतलेलं चर्च. १३७७ साली पाया घातला आणि मनोरा पुरा झाला १८९० साली. उंची १६१.५३ मीटर, वर जायला ७६८ पायऱ्या. तिथे बिशपही बसत नाही. नाव मठाचं, इमारत गावच्या चर्चची, लिंग नपुंसक. कुठल्या तर्काने हे सापडेल? ते ऐकूनच बसतं, जसं तुला आणि मला ‘तो रस्ता, ती वाट’ कोणी न शिकवता बसलं. ज्यांच्या भाषेत दोनच लिंगं आहेत किंवा नामाला लिंगच नाही त्यांना तिसरा कप्पा नव्याने बनवावा लागतो. तुझ्याकडे तीनही कप्पे लहानपणापासून आहेत.

जोडशब्दांत तर तू पुढेच असशील. देव ‘तो’, घर ‘ते’, म्हणून देवघर ‘ते’, शेवटचा शब्द ठरवतो. इथेही तसंच. म्युन्स्टर ‘दास’, पण समोरचा चौक ‘देअर म्युन्स्टरप्लात्स’, कारण प्लात्स ‘देअर’ आहे. चर्चचा मनोरा ‘देअर किर्ह्टुर्म’.

उच्चाराचं एक मनापासून सांगते, कारण हा एक शब्द नीट आला तर शंभर शब्द सुधारतात. क्लासमध्ये बरेच जण ‘किर्शे’ म्हणतात. किर्शं म्हणजे चेरी. मधला आवाज ‘श’ नाही, ‘ख’ही नाही. ‘ह्याला’, ‘ह्यांचं’ म्हणताना सुरुवातीला जी हवा जाते ना, जीभ ‘य’च्या जागी ठेवून, तोच तो आवाज. ‘ह्या’ म्हणायला लाग आणि ‘आ’ येण्याआधी थांब. इख (मी), मिख (मला) असं लिहून पाठ केलेले शब्दही ह्यानेच सरळ होतील. कोलोनकडचे लोक बोलीत किर्ह्यं आणि किर्शं जवळपास सारखंच म्हणतात, पण आपण आधी फरक करायला शिकलेलं बरं. बुधवारी आणि शनिवारी म्युन्स्टरप्लात्सवर बाजार भरतो. उन्हाळ्यात तिथे मनोऱ्याच्या सावलीत चेरी घेताना दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरून बघ.

हा शब्द कागदावरही भेटेल, आणि तिथे पैशाचा संबंध आहे. आल्यावर पत्त्याची नोंदणी करताना धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर ‘दी किर्ह्यनश्टॉयर’, म्हणजे चर्चचा कर, पगारातून कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (उल्मचं, म्हणजे आपलं राज्य) आणि बायर्नमध्ये तो आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. पगाराच्या नव्हे, आयकराच्या: महिन्याचा आयकर ३०० युरो असेल तर आपल्याकडे २४ युरो. हिंदू असशील तर हा कर नाही. वसईकडची किंवा गोव्याकडची ख्रिस्ती मैत्रीण सोबत येत असेल तर तिला हे आत्ताच सांग. तिने घरच्यांशी बोलून, समजून रकाना भरावा. नंतर बाहेर पडायचं तर आपल्या राज्यात श्टान्डेसआम्ट या सरकारी नोंदणी कार्यालयात जाऊन फी भरून तसं जाहीर करावं लागतं.

पाठांतराची माझी पद्धत: वहीत एकटा शब्द कधीच लिहायचा नाही. ‘दी किर्ह्यं, दी किर्ह्यन, इह् गेहं इन दी किर्ह्यं, इह् बिन इन देअर किर्ह्यं’ (एकवचन, अनेकवचन, मी चर्चमध्ये जाते, मी चर्चमध्ये आहे) ही ओळ एका दमात, मोठ्याने. भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही. रोज पाच शब्द पुरे, पण पाचही असे सगळे घरदार घेऊन आलेले. रंगीत पेनं, चिकटवायच्या चिठ्ठ्या यांचा मला काही उपयोग झाला नाही. तोंडाला वळण लागलं तेव्हाच जमलं.

आज रात्री ही ओळ दहा वेळा म्हण आणि मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठव, आधी किर्ह्यं, मग किर्शं. रविवारी मला सुट्टी आहे, ऐकून सांगते.