बॅलट लागलं, आता पुढचं

ब्रिटनमध्ये दोन वर्षं राहून काम करू देणाऱ्या इंडिया यंग प्रोफेशनल्स व्हिसाच्या बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, तुझं नाव लागलं, अभिनंदन रे! पण एक आधीच सांगतो. या व्हिसाची ही २ वर्षं वाढवून मिळत नाहीत, आणि स्किल्ड वर्करवरून (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावरून) ब्रिटनचा पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी (तिकडे आयएलआर म्हणतात), मिळवायला लागणारी वर्षं मोजताना धरलीही जात नाहीत. मीटर पडतं ते स्किल्ड वर्कर मिळाल्यावर.

मी पहिलं वर्ष मँचेस्टरच्या एका कॅफेत कॉफी करण्यात घालवलं. मजा आली, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या वर्षी एका मॅनेजरने ‘स्पॉन्सरशिपचं बघू’ म्हणत सात महिने झुलवलं. शेवटी कळलं, कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्सच, म्हणजे परदेशी माणसाला या व्हिसावर नोकरी देण्याची सरकारी परवानगीच, नव्हती. म्हणून अर्ज करण्याआधी सरकारी वेबसाइटवरची स्पॉन्सर यादी उघड आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव शोध. दारावरच्या पाटीवर भलतंच असतं कधीकधी.

मग बघ ऑक्युपेशन कोड, म्हणजे कामाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक, आणि पगार. जुलै २०२५ मध्ये स्किल्ड वर्करसाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली. वय २६च्या आत असेल तर थोडी सवलत मिळते. यंग प्रोफेशनल्सवरून स्किल्ड वर्करवर जायला भारतात यावं लागत नाही, मुदत संपायच्या आत तिथूनच अर्ज करता येतो.

आणि घरी ‘दोन वर्षांत पीआर’ सांगून बसला असशील, तर आजच फोन कर.