जेलभरोच्या आधी जामीनदार बघ

सप्रेम जय भीम,

तुझं पत्र मिळालं. जेलभरोत उतरायचं, अटक झाली की जामीन घ्यायचा नाही आणि आतच उपोषणाला बसायचं, असं तुझं ठरलंय. आशीर्वाद मागतोयस. ते आहेतच. पण जामीन घ्यायचा की नाकारायचा हा तुझ्या एकट्याच्या बाण्याचा प्रश्न नाही, म्हणून जरा लांबण लावते.

तू अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांचा दाखला दिलास. दाखला उत्तम, पण तो पुरता वाच. 31 जानेवारी 1961 ला साऊथ कॅरोलिनातल्या रॉक हिल गावात काही तरुण फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. शिक्षा झाली शंभर डॉलर दंड, नाहीतर तीस दिवस सक्तमजुरी. तोवर रिवाज असा होता की संघटनेनं पैसे भरायचे आणि पोरं सोडवून आणायची. म्हणजे ज्या नगराशी भांडण त्याच्याच तिजोरीत चळवळीची पुंजी जायची, आणि पुढच्या अटकेच्या वेळी गाठीला काही उरायचं नाही. त्यांच्यातल्या नऊ जणांनी दंड भरायला नकार दिला आणि ते मजुरीला गेले. त्यांनी पैशाचा विचार करून नकार दिला होता, हे विसरू नकोस. त्या शिक्षा रद्द व्हायला 2015 साल उजाडलं.

दोनच वर्षांनी अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहरात नेमका उलटा पेच पडला. 1963 चा एप्रिल. वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनातले शेकडो लोक आत, जामिनाचा निधी संपलेला. जो माणूस धंदा म्हणून जामीन देत होता त्याला नगरानं कळवलं की तुझी ऐपत पुरत नाही, यापुढे तुझा जामीन चालणार नाही. 12 तारखेला, गुड फ्रायडेला सकाळी, गॅस्टन मोटेलच्या 30 नंबरच्या खोलीत मार्टिन ल्यूथर किंग आणि वीसेक सहकारी बसले होते. कोणी म्हणालं, तुम्ही आत गेलात तर पैसा कोण उभा करणार? आत बसलेल्यांना सोडवायचा शब्द आपण दिलाय. किंग शेजारच्या खोलीत गेले, अंगावर कामकऱ्याचे जाडेभरडे कपडे चढवून आले आणि अटक करवून घेतली. आठ दिवस आत होते. त्या दिवसांत त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात लिहायला घेतलेलं पत्र जगानं वाचलं. त्याच दिवसांत गायक हॅरी बेलाफाँटे यांनी जामिनासाठी पन्नास हजार डॉलर उभे केले, त्याचं पोस्टर मात्र मी कोणाच्या खोलीत पाहिलेलं नाही. मला विचारशील तर बर्मिंगहॅमचं नेतृत्व कोठडीत आणि बाहेर पैसा उभा करण्यात, दोन्ही ठिकाणी होतं.

आता आपल्याकडे ये. बहुतेक जेलभरोत काय होतं ते तुला ठाऊक आहे. गाडीत घालतात, पोलीस ग्राउंडवर नेतात, नावं लिहून घेतात, संध्याकाळी सोडतात. फोटो निघतो, छापून येतो. पण एखाद्या वेळी ढकलाढकली होते आणि सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागतं. जुन्या दंड संहितेचं 353, आता भारतीय न्याय संहितेचं 132. अजामीनपात्र. मग समजा चाळीस जण आत गेले, तर त्यांच्यात फरक पडायला लागतो. तुझा मामा वकील आहे, तू दोन दिवसांत बाहेर येशील, नाही आलास तर तुझी मर्जी. पण धुणीभांडी करणाऱ्या मावशींची चार घरं तेवढ्यात सुटतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराची चारित्र्य पडताळणी अडते. आणि पालावरचा पारधी पोरगा असेल तर त्याला जामीनदारच मिळत नाही. जामीन मंजूर होऊनही तो आत, कारण कोर्टाला ऐपतीचा दाखला हवा आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल या धास्तीनं गावातलं कोणी पुढे येत नाही. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार भेटतील. त्यांच्या वाटेलाही जाऊ नकोस.

हे आजचं नाही. 1978 मध्ये मोती राम नावाचा एक गवंडी सुप्रीम कोर्टात पोचला. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि सख्खा भाऊ जामीन राहायला तयार असताना तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि जिल्ह्याच्या हद्दीचं कारण मोडीत काढलं. तरी आज कितीतरी ठिकाणी 'लोकल जामीनदार आणा' हेच ऐकू येतं. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं, की स्थानिक जामीनदाराची अट घालून सुटका रखडवू नका. जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं, हेही त्याच आदेशात आहे. त्याची प्रत दप्तरात ठेव. नुसतं 'सुप्रीम कोर्टानं म्हटलंय' म्हणून क्लार्क ऐकत नाही, कागद पुढे केला की ऐकतो.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय. मोर्चातून आत गेलास तर तुझ्या बराकीत हेच लोक असतील. तू भाषण केलंस तर ऐकतील बिचारे, तिथे दुसरं काय असतं करायला. त्यापेक्षा प्रत्येकाला विचार: कलम कोणतं, किती दिवस झाले, वकील कोण, शेवटची तारीख कधी होती, पार्टी, म्हणजे कोर्टात नेणारी पोलीस तुकडी, मिळाली नाही म्हणून किती तारखा चुकल्या. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 479 खाली तो सुटायला पात्र ठरतो. जुन्या केसेसनाही हे लागू आहे, असं ऑगस्ट 2024 मध्ये ठरलंय. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना मात्र लागत नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तरी अडतं. पारध्यांच्या पोरांवर एकाला जोडून चार केसेस का असतात, ते तुला मी सांगायला नको.

मोर्चातल्या मुलींसाठी वेगळं लिहिते. 1983 चा शीला बारसे यांचा निकाल त्यांना वाचून दाखव. बारसे पत्रकार. मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांशी बोलल्या, त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की लॉकअपमध्ये पोलिसांनी मारलं. बारसेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र टाकलं, त्या पत्राचीच याचिका झाली. बायकांसाठी वेगळं लॉकअप, महिला पोलिसांच्या समोरच चौकशी, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर, हे सगळं त्या निकालातून आलं. पत्रात पंधरापैकी पाच असा नेमका आकडा होता. 'अनेक महिलांवर अत्याचार' असं मोघम लिहिलं असतं तर मला नाही वाटत कोणी विचारलं असतं.

आता काम. मोर्चाच्या तारखेआधी येणाऱ्या प्रत्येकाची यादी कर. नाव, पत्ता, घरचा फोन, कोणतं औषध चालू आहे, आधीची केस आहे का, जामीनदार कोण. जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, दोन फोटो आत्ताच घेऊन ठेव. ज्याच्या रकान्यात जामीनदार कोरा, त्याला पहिल्या रांगेत उभं करायचं नाही, कितीही गळ घालू दे. वकीलपत्रांवर सह्या आधी घे. रोख जामिनासाठी थोडी वर्गणी बाजूला ठेव आणि तिचा हिशेब तुझ्याकडे नको, सुमनमावशींसारख्या कोणाकडे तरी दे, ज्या चहाचे दहा रुपयेही लिहून ठेवतात.

एवढं झाल्यावर, सगळे बाहेर आल्यावर, तुला जामीन नाकारायचा असेल तर खुशाल नाकार. मी मुलाकतीला येईन.

यादी रविवारपर्यंत पाठव. टाईप केलेली. तुझं अक्षर मला लागत नाही.

तुझी,
ताई

ता. क. उपोषणाचं म्हणशील तर आधी शुगर तपासून घे. मागच्या वेळी तुझ्या आईला मी शब्द देऊन बसलेय.