डिंग की लिरेन? इंग्रजी लेखनातील चिनी नावांविषयी

चि. ...,

अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला झालेल्या जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीवरचा तुझा इंग्रजी लेख वाचला. डावांचे विवेचन नेमके आहे. मात्र सुरुवातीला चिनी खेळाडूचे ‘डिंग लिरेन’ असे पूर्ण नाव दिल्यावर तू पुढे सर्वत्र ‘लिरेन’ लिहिले आहेस आणि एके ठिकाणी तर ‘मिस्टर लिरेन’. चिनी नावात सहसा आडनाव आधी येते: डिंग हे आडनाव आहे आणि लिरेन हे त्याचे स्वतःचे नाव. इंग्रजी वृत्तलेखनात दुसऱ्या उल्लेखापासून आडनाव वापरण्याचा प्रघात असल्यामुळे तिथे ‘डिंग’ असेच यायला हवे. शी जिनपिंग यांना जगभरची वृत्तपत्रे ‘शी’ म्हणतात, ते याच कारणाने.

त्याच लेखात गुकेशला तू ‘गुकेश’ म्हटले आहेस आणि ते योग्यच आहे, पण त्यामागचे कारण वेगळे आहे हे ध्यानात घे. गुकेश हे त्याचे स्वतःचे नाव. तो त्याच नावाने ओळखला जातो. विश्वनाथन आनंद यांच्या बाबतीतही ‘आनंद’ हे त्यांचे स्वतःचे नाव असून ‘विश्वनाथन’ हे वडिलांचे आहे. म्हणजे ‘डिंग विरुद्ध गुकेश’ या शीर्षकात एका बाजूला आडनाव आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे नाव आहे, आणि तरीही दोन्ही बाजू बरोबर आहेत. दोघांना एकाच साच्यात बसवण्याच्या हट्टापायीच ‘लिरेन’सारखे उल्लेख छापले जातात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयी हिला हरवले, तेव्हाच्या वृत्तांतातही ‘तान’ हेच लिहायला हवे होते, ‘झोंगयी’ नव्हे.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, त्यामुळे हा क्रम तुला परका वाटू नये. फरक असा, की आपल्याकडे तो कागदोपत्री क्रम आहे, तर चिनी माणसाचे रोजच्या व्यवहारातले नावच त्या क्रमाने असते. आडनाव ओळखण्यासाठी फिडेची (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची) यादी उपयोगी पडते. तिथे ‘डिंग’नंतर स्वल्पविराम आणि मग ‘लिरेन’ असते, आणि चिनी खेळाडूंपुरते बोलायचे तर स्वल्पविरामाच्या आधीचा भाग हे आडनाव. काही संकेतस्थळे ही जोडी उलटी करून ‘लिरेन डिंग’ असे दाखवतात. तिथून नाव जसेच्या तसे उचलू नकोस. आद्याक्षर वापरायचेच असेल तर ते लिरेनचे येईल, डिंगचे नाही. ‘डी. लिरेन’ हे रूप आपल्या वृत्तपत्रांत दिसते, पण ते टाळावे.

मात्र आडनाव नेहमी आधीच येते, असा नियम करून ठेवू नकोस. अमेरिकेचा जेफरी शिआँग किंवा ऑवंडर लियांग यांची नावे पाश्चात्त्य क्रमाने आहेत आणि आडनाव शेवटी आहे. अलीबाबाचे संस्थापक इंग्रजीत जॅक मा आणि चिनीत मा युन. दोन्हीकडे आडनाव मा हेच, जागा मात्र बदलते. ती व्यक्ती स्वतःचे नाव ज्या क्रमाने लिहिते तो क्रम प्रमाण मानावा. आपण तो सुधारायला जाऊ नये.

आडनावे थोडी आणि माणसे अनेक, हीसुद्धा एक अडचण आहे. वांग हाओ आणि वांग युए हे दोघेही ग्रँडमास्टर. दोघांचा उल्लेख एकाच लेखात असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण नाव द्यावे, तिथे संक्षेपाचा मोह नको. (ली चाओ या खेळाडूच्या नावापुढे तर, त्याच नावाचा दुसरा खेळाडू असल्यामुळे, कितीतरी वर्षे ‘बी’ हे अक्षर लावले जात असे.) वेई यीसारखे दोनच चिनी अक्षरांचे नाव पुन्हा पुन्हा पूर्ण लिहिले तरी बिघडत नाही, नुसते ‘यी’ मात्र कधीही लिहू नये. क्वचित आडनावच दोन अक्षरांचे असते: इतिहासकार सिमा छियान यांचे आडनाव ‘सिमा’ आहे.

स्पेलिंगच्या बाबतीत चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेली पिनयिन पद्धत, म्हणजे चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत, आज सर्वमान्य आहे. तिच्यात लिरेन हा एक सलग शब्द असतो. मध्ये जागा, जोडरेघ किंवा दुसरे मोठे अक्षर येत नाही. जागा सोडून लिहिलेस तर ‘ली’ हेच आडनाव असल्याचा समज होईल. परंतु तैवानच्या माजी राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांच्या नावातली जोडरेघ त्यांची स्वतःची आहे, आणि ज्या सिंगापूरमध्ये ही लढत झाली त्याचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू आपल्या नावाचे तीन सुटे शब्द लिहीत. या नावांवर पिनयिन लादू नये. जुन्या पुस्तकांतील माओचे स्पेलिंग अवतरणात असेल तर तसेच राहू दे. स्वतःच्या वाक्यात मात्र आजचे रूप वापर.

नावावरून स्त्री की पुरुष हेही ठरवू नकोस. वेई यी पुरुष आहे, लेई तिंगजिए स्त्री आहे. इंग्रजी सर्वनाम लिहिण्यापूर्वी खातरजमा करावी लागते.

विवाहित स्त्रिया चीनमध्ये सहसा स्वतःचे आडनाव ठेवतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी १९४१ मध्ये चीनमध्ये गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहिताना ‘गुओ’ हेच योग्य, ‘मिसेस कोटणीस’ नव्हे. हाँगकाँगमध्ये पतीचे आडनाव स्वतःच्या आडनावाआधी जोडण्याची रीत आढळते. तिथल्या माजी मुख्य कार्यकारी कॅरी लॅम यांच्या नावातील ‘लॅम’ हे तसे आहे. म्हणून तिथली नावे स्वतंत्रपणे तपासावीत.

पुढच्या महिन्यात तू ज्या प्रशिक्षकांची मुलाखत घेणार आहेस, त्यांना आधीच पत्र लिहून विचार, की आपले नाव इंग्रजीत कोणत्या क्रमाने छापावे आणि त्यातील आडनाव कोणते. असे विचारण्यात कसलाही अनादर नाही. त्यांचे उत्तर आले की लेखासोबत तेही मुद्रितशोधकाकडे पाठव, नाहीतर तो सवयीने क्रम उलटा करील.

तुझा शुभचिंतक