बेथलेहेम : भाकरीचे घर की मांसाचे?

प्रश्न : नाताळच्या उपासनेत आमच्या पाळकांनी बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा सांगितला. माझा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. त्याचे अरब सहकारी मात्र त्याच नावाचा अर्थ ‘मांसाचे घर’ असा सांगतात. यांतला खरा अर्थ कोणता?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आपले पाळक आणि आपल्या चिरंजिवांचे सहकारी, दोघेही आपापल्या भाषेपुरते बरोबर आहेत. हिब्रूत ‘बेत’ म्हणजे घर आणि ‘लेहेम’ म्हणजे भाकर. अरबीतही ‘बेत’ म्हणजे घरच, परंतु ‘लह्म’ म्हणजे मांस. या दोन्ही भाषा एकाच सेमिटिक कुळातल्या असून दोन्ही शब्द ल-ह-म या एकाच व्यंजनत्रयीतून आलेले आहेत. मुळात या धातूचा रोख रोजच्या मुख्य अन्नाकडे असावा आणि शेतकऱ्यांच्या तोंडी तो भाकरीवर, तर पशुपालकांच्या तोंडी मांसावर स्थिरावला असावा, असे अभ्यासक मांडतात. मला हे पटते, कारण असा पालट आपल्या शेजारीच घडलेला आहे. इंदुरातल्या अन्नपूर्णा मंदिरात हात जोडताना आपल्या मनात सगळा आहार येतो. कन्नड घरात मात्र ‘अन्न’ वाढा म्हटले, की पानात भात पडतो. हिब्रू शास्त्रातही ‘लेहेम’ हा शब्द अनेक ठिकाणी नुसत्या भाकरीसाठी नव्हे, तर एकूण अन्नासाठी आलेला आहे.

काही विद्वान ‘लह्मू’ या मेसोपोटेमियातील दैवताचे नाव येथे पाहतात. देवावरून गावाला नाव पडणे आपल्याला नवे नाही. इंदूरचे नावही इंद्रेश्वराच्या मंदिरावरून आले असे सांगतात. तरीही बेथलेहेमात त्या दैवताच्या पूजेचा ठोस पुरावा नसल्यामुळे हा तर्क मला दुबळा वाटतो.

‘भाकरीचे घर’ हा अर्थ बायबलच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटतो तो रूथच्या कथेमुळे. दुष्काळ पडल्यामुळे, म्हणजे भाकरीच्या घरातच भाकर उरली नाही म्हणून, नामीचे कुटुंब मवाब देशात गेले. पुढे नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी सून रूथ हिला घेऊन परतली, तेव्हा बेथलेहेमात सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. कापणी करणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसे रूथने बवाजाच्या शेतात वेचली आणि संध्याकाळी झोडून निघालेले सातू सासूसाठी घरी नेले. हीच रूथ पुढे दावीद राजाची पणजी झाली.

नावाच्या प्राचीनतेचा एक पुरावा तर बोटाच्या पेरावर मावेल एवढा आहे. 2012 मध्ये जेरुसलेममधील उत्खननातून सुमारे दीड सेंटिमीटरची, मातीची एक मुद्रा मिळाल्याचे जाहीर झाले. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातील या मुद्रेवर प्राचीन हिब्रू लिपीत या गावाचे नाव उमटलेले आहे.

एक खुलासा येथेच करतो. गालील प्रांतात जबुलून वंशाच्या वाट्याला आलेले आणखी एक बेथलेहेम होते. म्हणून मीखा संदेष्टा यहूदातील गावाला ‘बेथलेहेम एफ्राथा’ असे जोडनावाने हाक मारतो. यांतील ‘एफ्राथा’चा संबंध फळण्याच्या अर्थाच्या हिब्रू धातूशी लावला जातो.